नववा प्रश्न

नववा प्रश्न मी विचारलाच नाही. त्याच्यापुढच्या चौकटीत माझ्या हाताने शून्य लिहिलं, कागद फाइलमध्ये सरकवला आणि समोर आलेला चहा प्यायले.

2025 च्या मार्चमधली दुपार होती. सातारा तालुक्यातलं गाव, पत्र्याची पडवी, भिंतीवर पलटणीतला गटाचा फोटो. समुपदेशनाच्या एमएचं माझं दुसरं वर्ष चालू होतं आणि प्रात्यक्षिकासाठी मी माजी सैनिकांच्या घरी जात होते. (ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील मी इथे बदलले आहेत. माझ्या चुकांचे बदललेले नाहीत.) समोर बसलेले गृहस्थ नायक म्हणून निवृत्त झालेले, पण आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, मग तो कुठल्याही हुद्द्यावरून आलेला असो. तर मेजर. वय बावन्न. फौजेनंतर त्यांनी बरीच वर्षं एका बँकेत गनमन म्हणून काढली, आणि ती नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती. झोप लागत नाही, जेवणावर वासना नाही, दिवसभर पडवीत बसून असतात, असं त्यांच्या घरच्यांनी कळवलं होतं.

माझ्या हातात पीएचक्यू-नाइन नावाची प्रश्नावली होती. उदासपणाचं मोजमाप करायला जगभर वापरतात ती हीच. नऊ प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं वाटलं, याची चार उत्तरं: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना शून्यापासून तीनपर्यंत गुण. आठ प्रश्न झोप, भूक, थकवा, एकाग्रता अशा गोष्टींचे. नववा मरणाच्या विचारांचा.

आठव्यापर्यंत मी नीट विचारत गेले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यात बसल्या. मी नवव्यावर नजर टाकली. बायकोच्या समोर, फौजी माणसाला, असं कसं विचारायचं? आणि विचारलं तर आपणच त्यांच्या डोक्यात नको ते घालू, अशीही भीती होती. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे पहिल्याच वर्षी वर्गात शिकवलं होतं. माझ्या वहीत ते अधोरेखित केलेलं होतं. तरी मी शून्य लिहिलं. बेरीज अकरा आली. दहा ते चौदा म्हणजे मध्यम. मी तसा अहवाल लिहिला आणि त्या रात्री शांत झोपले.

हे शून्य कुठून आलं, ते सांगायचं तर मला बरंच मागे जावं लागेल.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. बेळगावच्या सेंटरचा फोटो आमच्या देवघराच्या शेजारी असायचा. आमचा जिल्हा असा, की आपशिंगे या एका गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली आणि तेव्हापासून त्या गावाच्या नावापुढे मिलिटरी हा शब्द लागला. घराघरात कुणी ना कुणी फौजेत. त्यामुळे शाळेतली अकरा वर्षांची नोकरी सांभाळून, चौतिसाव्या वर्षी मी समुपदेशन शिकायला गेले आणि मुलाखतीत विचारलं, की सैनिकांसोबतच काम का करायचंय, तेव्हा मी क्षणभरही न थांबता सांगितलं, ‘मला फौजी कळतात. मी फौजीची मुलगी आहे.’

माझ्या सगळ्या चुका त्या एका वाक्यातून निघाल्या, असं आता वाटतं.

कारण मला काय कळत होतं? वर्षाला साठ दिवसांची मोठी सुट्टी आणि तीस दिवसांची किरकोळ, तीही तुकड्यांनी. काळी ट्रंक दारात उतरायची. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास घरभर. तेवढे दिवस घरात गोडधोड, पाहुणे, देवाला जाणं. आई आवाज चढवायची नाही. आम्ही मार्कांचं प्रगतिपुस्तक शेवटच्या दिवशी पुढे करायचो. मला कळत होता तो सुट्टीतला फौजी. आणि वडिलांनाही सुट्टीतलंच घर माहीत होतं. पेन्शनवर आल्यानंतर आमच्या घरात जी दोन-तीन वर्षं गेली, त्यांच्याबद्दल आम्ही कुणी कधी बोललो नाही. कुणाचीच सुट्टी संपेना. पहाटे पाचला उठून ते आमच्या चादरींच्या घड्या तपासायचे, आई परसात जाऊन रडायची, आणि पेला जागेवर नाही म्हणून घरात दोन-दोन दिवस अबोला चालायचा. मी तेव्हा कॉलेजात होते. मी वसतिगृहात राहायला गेले. सोडून आलेलं ते घर मी विसरले आणि सुट्टीतलं घर घेऊन समुपदेशन शिकायला आले.

पुस्तकांनी त्यात भर घातली. आमच्या अभ्यासक्रमात सैनिकांच्या मनाविषयी जे होतं, ते बहुतेक युद्धातून आलेलं. 1915 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’विषयी लिहिलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांनंतर, 1980 मध्ये, पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, हा आजार अमेरिकन निदानपुस्तिकेत आला. मी हे सगळं अधाशासारखं वाचलं. रात्री दचकून उठणं, फटाक्याच्या आवाजाने जमिनीवर झेपावणं, जुनी घटना डोळ्यांसमोर पुन्हा घडणं. हे खरं आहे, ज्यांना होतं त्यांचे हाल होतात, आणि त्यावर चांगले उपचारही आहेत. पण मी ते एका साच्यासारखं उचललं आणि भेटेल त्या फौजीवर लावून बघू लागले.

पहिले सापडले ते एक लांगरी. पलटणीतल्या स्वयंपाक्याला लांगरी म्हणतात. ते पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर नोकरीला होते आणि सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे यायचे. सेवेत असताना सियाचीनला राहून आलेले. सियाचीन ऐकलं आणि मी सरसावले. त्यांना मात्र तिथल्या स्वयंपाकाबद्दल बोलायचं होतं. रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं, एक पातेलंभर बर्फाचं वाटीभर पाणी होतं, तेवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं पण पुरेसं तापत नाही म्हणून कुकरशिवाय डाळ शिजतच नाही, आणि डाळ कच्ची राहिली तर पोरं रागवायची नाहीत, नुसती गप्प बसायची. सांगताना त्यांचे हात हलायचे. मला वाटायचं, हा माणूस मूळ विषय टाळतोय. मी वहीत ‘टाळाटाळ’ असा शब्दही लिहून ठेवला.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मुलाचा विषय काढला. गावात सगळे मला मेजर म्हणतात, इथे गेटवर पोरंसोरं ‘ए वॉचमन’ म्हणतात, आणि माझा मुलगा कॉलेजच्या मित्रांना बाप काय करतो ते सांगत नाही. मी मान हलवली आणि म्हणाले, ‘ते आपण बोलूच. पण तिकडे वर असताना काही घडलं होतं का?’ ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी सांगितलं. ते काय होतं, हे मी इथे लिहिणार नाही. ते त्यांनी मला द्यायचं ठरवलं नव्हतं, मी काढून घेतलं. सांगताना त्यांचा आवाज गेला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते बसून राहिले. माझ्या पन्नास मिनिटांतली शेवटची पाच उरली होती. मी पाणी दिलं, ‘मोकळं वाटलं असेल ना?’ असं विचारलं आणि पुढची वेळ दिली. ते हो म्हणाले. फौजी माणूस हो म्हणतोच.

ते परत आले नाहीत. फोन उचलला नाही.

मी हे आमच्या पर्यवेक्षक मॅडमना जवळजवळ अभिमानाने सांगितलं होतं, की दुसऱ्याच भेटीत मूळ आघातापर्यंत पोहोचले. त्यांनी वही मिटली आणि विचारलं, ‘त्यांना झोप कोण देणार आज?’ मग त्यांनी मला 2002 चा एक आढावा वाचायला दिला. आघातानंतर एकाच बैठकीत सगळं बोलून घेण्याची पद्धत एके काळी फार रूढ होती. अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर दिसलं, की तिने पुढचा त्रास टळत नाही आणि काहींना तो वाढतोही. आघाताचं बोलणं उपचारात येतं, पण आधी आधार उभा करून, हळूहळू, आणि माणसाची तयारी बघून. मी दार फोडलं होतं आणि आत गेल्यावर काय करायचं ते मला येत नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1946 मध्ये युद्धावरून परतलेल्यांच्या समुपदेशनावर एका सहकाऱ्यासोबत पुस्तक लिहिलं होतं. समोरच्याला आपण ओढत न्यायचं नाही, तो जिथे नेतो तिथे सोबत जायचं, हे रॉजर्स यांचं शिकवणं मी परीक्षेत लिहून उत्तम गुण मिळवले होते. डाळ शिजत नाही हे लांगरी सांगत होते, तेव्हा ते मला त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कामाबद्दल सांगत होते. मला वेळ होता आणि कान नव्हते.

एक लहान चूक आणखी सांगते. दिसायला लहान. सुट्टीवर आलेला एक तरुण जवान होता, छातीत धडधडायचं, रात्र-रात्र जागा. मी त्याला सहज म्हणाले, ‘युनिटच्या डॉक्टरांना सांगून टाका, काही होत नाही.’ काही होत नाही, हे मला कुणी सांगितलं होतं? फौजेत माणसाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच अक्षरांत मांडतात: एस म्हणजे मानसिक आरोग्य, एच श्रवण, ए हातपाय, पी एकूण शारीरिक क्षमता, ई दृष्टी. सगळ्यांत एक असला की ‘शेप-वन’, आणि हा शब्द पोरं छाती काढून उच्चारतात. एसमध्ये श्रेणी उतरली तर बढतीवर, कोर्सवर, पोस्टिंगवर परिणाम होऊ शकतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘ताई, तुम्हाला शेप माहीत आहे का?’ मला माहीत नव्हता. फौजीच्या मुलीला माहीत नव्हता. आज मी त्याला उपचार घे हेच सांगितलं असतं, पण त्याची भीती खरी आहे हे मान्य करून, आणि काय काय होऊ शकतं ते आधी समजून घेऊन. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर घरबसल्या बोलता येतं आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याच सेवेचा वेगळा कक्ष सुरू झाला, हेही सांगितलं असतं. तेव्हा मी खोटा दिलासा दिला, आणि त्याने त्या एका वाक्यावरून मला जोखलं.

आणि एका ताईंकडे गेले होते. नवरा सेवेत असतानाच गेला, त्याला चार वर्षं झालेली. मी घरात शिरले ती फोटोला नमस्कार करून, आणि पहिलंच वाक्य बोलले, ‘तुमचा आम्हाला फार अभिमान वाटतो.’ पुढे अर्धा तास मी त्यांना वीरपत्नी म्हणत राहिले. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, ‘ताई, येणारा परतेक जण फोटोकडं बघून बोलतो. माझ्याकडं बघून बोला की.’ त्यांना नवऱ्याचा राग आला होता. सुट्टी वाढवून घे म्हटलं होतं, त्याने घेतली नव्हती. अभिमानाच्या त्या घरात राग ठेवायला जागाच नव्हती, आणि मीही जागा न ठेवता आत शिरले होते. त्यांना दुसरी मदत हवी होती ती कागदाची. मुलीचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या दप्तरातल्या कुटुंबाच्या नोंदीत, एका अक्षराने वेगळं पडलं होतं आणि कागद परत येत होते. मी म्हणाले, ते माझं काम नाही. मॅडमनी नंतर विचारलं, की ज्या बाईच्या डोक्यात दिवसरात्र ते एक अक्षर आहे, तिच्याशी तू दुसरं काय बोलणार आहेस? पुढच्या खेपेला मी त्यांच्यासोबत बसून अर्ज लिहिला. अर्ज लिहिता लिहिता त्या नवऱ्याबद्दल बोलल्या.

तोवर मार्च संपून एप्रिल लागला होता.

काकूंचा फोन रविवारी सकाळी आला. मेजर शेताकडे गेले होते. काकू हळू आवाजात बोलत होत्या. ‘ताई, तुमी त्यादिवशी कागदावर लिहून घेतलं ना सगळं? त्यात बंदुकीचं इचारलं न्हाई.’

गनमनच्या नोकरीत स्वतःच्या परवान्याची बंदूक लागते. बँकेची नोकरी सुटली, बंदूक घरात राहिली. कपाटात. गेलं वर्षभर काकू काडतुसं लपवत होत्या. आधी ज्वारीच्या कणगीत, मग पिठाच्या डब्यात, मग चुलीमागच्या कोनाड्यात. दर काही दिवसांनी जागा बदलायच्या. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. ‘लोकसभेला जमा झाली, इधानसभेला झाली,’ काकू म्हणाल्या. ‘ती बंदूक ठाण्यात असती तवाच मी झोपते.’

माझे पाय थंड पडले. मी त्या घरात तासभर बसले होते. कपाट माझ्या पाठीशी होतं. माजी सैनिकाच्या घरी, बरीच वर्षं गनमन असलेल्या माणसाच्या घरी, घरात हत्यार आहे का, एवढं साधं मी विचारलं नव्हतं. आणि त्या दिवशी काकू उंबऱ्यात बसल्या होत्या त्या मी काय विचारते ते ऐकायलाच. त्यांच्या असण्याचं निमित्त करून मी प्रश्न गाळला, आणि त्या तो प्रश्न येण्याची वाट बघत होत्या.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, शून्यासकट. त्या एवढंच म्हणाल्या, ‘अर्ध्या तासात निघ. मीही येते.’ रागावल्या त्या नंतर, आणि नीट रागावल्या. अहवाल खोटा होता हे लेखी द्यायला लावलं आणि पुढचे दोन महिने एकटीने घरभेटीला जाऊ दिलं नाही. तो निर्णय बरोबर होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा मेजर पडवीतच होते. मॅडम काकूंना घेऊन आत गेल्या. मी समोर बसले आणि आधी माझं सांगितलं. की मागच्या वेळी नऊ प्रश्न होते, मी आठ विचारले, आणि नवव्याचं उत्तर तुम्हाला न विचारता मीच लिहिलं. विचारायला घाबरले.

ते बराच वेळ अंगणाकडे बघत होते. मग म्हणाले, ‘रात्रीच्या संत्रीनं चक्कर मारायची न्हाई आणि रजिस्टरात ऑल ओके लिहायचं. आमच्यात त्याला सजा होती.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘व्हायलाच हवी.’

‘पुन्हा असं करू नका.’

‘नाही करणार.’

‘मग आता इचारा.’

मी कागद काढला. हात थरथरत होता, ते त्यांना दिसत होतं. प्रश्न पुस्तकी शब्दांत न विचारता विचारला: ‘मेजर, जीव नकोसा होतो का? मरून गेलेलं बरं, असं मनात येतं?’ त्यांनी उत्तर द्यायला घाई केली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. ‘अर्ध्याहून जास्त दिवस,’ ते म्हणाले. माझ्याच कागदावरचे शब्द त्यांनी लक्षात ठेवले होते. मी शून्य खोडून दोन लिहिलं. मग पुढचं विचारलं: कधीपासून, कसं, कुठल्या वेळी जास्त, काय मनात आल्यावर थांबता. ते सांगत गेले. त्यात युद्ध कुठेच नव्हतं. नोकरी गेल्यापासून सकाळी उठून घालायला गणवेश नाही, यावर ते सगळ्यात जास्त बोलले.

परवाना त्यांच्या नावावर, म्हणून बंदूक जमा करायला त्यांनी स्वतः जाणं भाग होतं. त्यांना एकटं पाठवायचं नाही हे मॅडमनी आधीच ठरवलं होतं. शेजारच्या वाडीतले निवृत्त सुभेदार आले, धाकटा भाऊ आला. बंदूक सुभेदारांनी स्वतः तपासली, काडतुसं भावाकडे वेगळ्या पिशवीत. मेजर म्हणाले, ‘डाक्टरकडं उद्या जाऊ,’ तर सुभेदार म्हणाले, ‘ठाण्यातनं सरळ डाक्टरकडंच. गाडी भाड्यानं घेतलीय.’ मेजरनी ऐकलं. वरिष्ठाचं त्यांनी ऐकलं, याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा काकू पिठाचा डबा घेऊन पडवीत बसल्या. झाकण काढून, बाही वर सारून, त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळापर्यंत पीठ चाळून पाहिलं. एखादं काडतूस राहून तर गेलं नाही ना, म्हणून. काही नव्हतं. हात झटकत त्या म्हणाल्या, ‘निवडणूक नसताना पयल्यांदा गेली बगा.’